साहेब आडवा होतो

एखाद्या समाजाची खरी ओळख करून घ्यायची असेल तर तो उभा कसा राहतो हे पाहत बसू नये, आडवा कसा होतो ते पाहावं, असं माझं फार दिवसांचं मत आहे. उभा माणूस सावध असतो. आपल्याला कोणीतरी पाहतंय या धास्तीनं तो पोट आत घेतो, मान ताठ करतो आणि चेहऱ्यावर काहीतरी महत्त्वाचं असल्याचा भाव आणतो. आडवा झालेला माणूस जसा आहे तसा असतो. इतिहासकारांनी मात्र आपलं सगळं लक्ष उभ्या माणसांवर खर्च केलं. पुतळे पाहा, एकतर उभे, नाहीतर घोड्यावर बसलेले. लढाई जिंकून तंबूत परतलेल्या सेनापतीनं त्या रात्री पाठ कशावर टेकली, हे कोणत्याही बखरीत सापडायचं नाही.

इंग्रजाचंच घ्या. त्यानं आपल्यावर दीडशे वर्षं राज्य केलं. त्याची रेल्वे, त्याच्या कचेऱ्या, त्याचं पिनल कोड, सगळ्यावर आपण ग्रंथ लिहिले. पण हा गृहस्थ आडवा कसा होतो आणि त्या क्रियेला काय म्हणतो, याचा अभ्यास झाला नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी मी बऱ्याच दुपारी खर्ची घातल्या. विषयच असा होता की संशोधन आडवं पडूनच करणं शास्त्रशुद्ध ठरलं. "अहो, झोपायचंच असेल तर तो जाडा कोश तरी खाली ठेवा, छातीला लागेल," असा एक अभिप्राय घरातून मिळाला. थोर संशोधकांना घरच्यांकडून याहून वेगळा अभिप्राय मिळाल्याचं ऐकिवात नाही.

आधी आपली श्रीमंती सांगतो. मराठी माणूस पडतो, लवंडतो, कलंडतो, पहुडतो, लोळतो, अंग टाकतो, पाठ टेकतो, ताणून देतो. क्रिया एकच, पण प्रत्येकीची प्रतिष्ठा निराळी. दिवाळसणाला जेवणं झाल्यावर जावईबापू वामकुक्षी करतात, सासरेबुवा जरा पडतात आणि मेहुणा लोळत असतो. तिघेही एकाच सतरंजीवर असतात.

इंग्रजाकडे या कामासाठी मूळ शब्द एकच, 'लाय'. आणि तो एकच शब्द त्यानं इतका अवघड करून ठेवला आहे की तर्खडकरांची भाषांतर पाठमाला घोकलेल्या पिढ्यांना त्याचा घाम फुटत असे. 'लाय' म्हणजे पडणे. त्याचा भूतकाळ 'ले'. आता 'ले' नावाचं दुसरं एक स्वतंत्र क्रियापद आहे, त्याचा अर्थ ठेवणे. त्याचा भूतकाळ 'लेड'. मुळात हे दोघे आपल्या पडणे आणि पाडणे यांच्यासारखे सख्खे भाऊ, एक स्वतः आडवा होतो, दुसरा दुसऱ्याला आडवं करतो. पण कोंबडीनं अंडं घालण्यालाही इंग्रज हेच दुसरं क्रियापद वापरतो. त्यामुळे 'काल दुपारी मी पलंगावर पडलो' हे इंग्रजीत सांगताना जरा जीभ घसरली, की व्याकरण मास्तरांच्या डोळ्यांपुढे भलतंच चित्र उभं राहतं. समाधान एवढंच की यात खुद्द इंग्रजांचीही जीभ रोज घसरते.

दुसरी अडचण नैतिक स्वरूपाची आहे. 'लाय' म्हणजे पडणे आणि 'लाय' म्हणजे खोटं बोलणे. जुन्या इंग्रजीत हे दोन पार वेगळे शब्द होते. शतकं लोटली, उच्चार झिजले आणि दोघे एकाच नावानं नांदू लागले. शेक्सपिअरनं 'ऑथेल्लो'त एका विदूषकाकडून यावर यथेच्छ कोट्या करवून घेतल्या. पण ही कोटी खरी महागात पडली ती सर हेन्री वॉटन या राजदूताला. त्या काळी 'लाय'ला मुक्काम करणे असाही एक अर्थ होता. १६०४ मध्ये जर्मनीतल्या ऑग्सबर्ग गावी एका स्नेह्याच्या वहीत त्यानं राजदूताची गमतीदार व्याख्या लिहिली. देशाच्या भल्यासाठी परदेशात मुक्कामाला, किंवा थापा मारायला, पाठवलेला सज्जन गृहस्थ, असा तिचा इंग्रजीतला दुहेरी रोख. पण वॉटननं ती लिहिली लॅटिनमध्ये. लॅटिनमध्ये मुक्काम आणि थाप यांना वेगवेगळे शब्द आहेत, त्यामुळे कोटी गळून पडली आणि नुसती थाप उरली. १६११ मध्ये एका विरोधकानं ते वाक्य छापून काढलं आणि राजा पहिला जेम्स वॉटनवर चांगलाच उखडला. पाहुण्यांच्या वहीत विनोद लिहू नये, लिहिलाच तर भाषांतर करू नये, हा या घटनेचा बोध.

एका आडव्या रेघेनं काय घोटाळा होतो तोही पाहण्यासारखा आहे. 'लाय-इन' म्हणजे सकाळी उशिरापर्यंत अंथरुणात लोळणे. 'लाइंग-इन' म्हणजे मात्र बाळंतपण. लंडनमध्ये १७४९ साली 'ब्रिटिश लाइंग-इन हॉस्पिटल' निघालं ते बाळंतिणींसाठी. रविवारी उशिरा उठणाऱ्या गृहस्थांना तिथे प्रवेश नव्हता.

रात्रीची झोप ही गरज आहे, पण दुपारची झोप ही संस्कृती आहे. आणि इथे इंग्रज पहिल्यापासून थोडा अवघडलेला दिसतो. दुपारच्या निद्रेसाठी त्यानं स्पॅनिश माणसाकडून 'सिएस्टा' हा शब्द सतराव्या शतकात उसना घेतला. त्याचं मूळ लॅटिनमध्ये. रोमन लोक दिवस सूर्योदयापासून मोजत, त्यामुळे त्यांचा सहावा तास म्हणजे भर दुपार. सहावा, षष्ठ, म्हणून सिएस्टा. शब्द घेतला, पण सवय घ्यायला मन धजेना. दुपारी झोपावं तर लागतं, पण तसं म्हणायचं कसं? मग त्यानं आपल्याकडच्या भिडस्त माणसासारखी युक्ती केली. आपण कसं 'झोपलो नव्हतो हो, नुसता डोळा लागला होता' म्हणतो? इंग्रज म्हणाला, मी फक्त चाळीस वेळा डोळे मिटले. 'फॉर्टी विंक्स'! विल्यम किचिनर नावाच्या डॉक्टरनं १८२१ साली दीर्घायुष्यावर पुस्तक लिहिलं, त्यात या चाळीस मिचकावण्यांची डुलकी आडवं होऊन घेण्याची शिफारस आहे. हे डॉक्टर पाकशास्त्रावरच्या पुस्तकासाठीही प्रसिद्ध होते. जेवण आणि डुलकी या दोन्ही विषयांवर अधिकारवाणीनं लिहिणारा डॉक्टर आपल्या वाट्याला का येत नाही, असा विचार माझ्या मनात आला.

अमेरिकन माणसाला मात्र असली भीड नाही. तो झोपायला जातानाही मारामारी करतो. तो 'हिट द हे' म्हणतो, म्हणजे गवताला हाणतो, नाहीतर 'हिट द सॅक' म्हणतो, म्हणजे पोत्याला हाणतो. गवत आणि पोतं ही गाद्यांमधल्या भरणाची आणि खोळीची आठवण, एवढं कळतं. पण हाणायचं कशाला? आपण गादीवर 'अंग टाकतो', गादीचं काही बिघडत नाही.

आता मुख्य मुद्द्यावर येतो. झोपायचं सामान. इंग्रजाच्या घरातून परक्या मुलखातल्या वस्तू एकेक करून बाहेर काढल्या तर बिचाऱ्याला अंग टाकायला स्वतःचा असा फक्त 'बेड' उरेल. 'सोफा' अरबी 'सुफ्फा'वरून तुर्कांमार्फत आला. मूळ अर्थ गालिचे-तक्के घातलेली जमिनीची उंच बैठक, म्हणजे ऐकताना आपल्याला घराचा सोपाच आठवतो. पाय ठेवायचं 'ऑटोमन' हे तर अख्ख्या तुर्की साम्राज्याचं नाव. एवढं मोठं साम्राज्य, त्यावर साहेब पाय ठेवून बसला आणि त्याला त्यात काही वावगं वाटलं नाही.

'हॅमक' ही झोळी कॅरिबियन बेटांवरच्या ताइनो लोकांची. १४९२ मध्ये कोलंबस तिथे पोहोचला तेव्हा ते लोक झाडांना झोळ्या बांधून सुखानं पडलेले होते. ते लोक फार काळ सुखी राहिले नाहीत. झोळी मात्र युरोपात गेली आणि १५९७ मध्ये इंग्रजांच्या आरमारात अधिकृतपणे दाखल झाली. जहाजावर एका झोळीला जागा मिळे चौदा इंच रुंदीची. मुंबईत आठ जणांत एक खोली वाटून घेतलेल्यांना सुद्धा हा हिशेब ऐकून दया येईल.

'दिवाण'ची कथा याहून रंगतदार. फारसीत दीवान म्हणजे आधी नोंदवही. मग त्या वह्या ठेवायची कचेरी. मग कचेरीत भरणारा दरबार. मग दरबारात भिंतीलगत घातलेली गादीची बैठक. आणि शेवटी त्या बैठकीवर जे लाकडी सामान आलं ते. याच शब्दापासून फ्रेंचांनी जकातकचेरीचा 'दुआन' केला. इंग्रजानं दोन्ही टोकं धरली. १७६५ मध्ये कंपनी सरकारनं बादशहाकडून बंगालची दिवाणी घेतली आणि पुढे घरी नेला तो दिवाण. एकाच शब्दानं त्यानं महसूलही गोळा केला आणि वर झोपही काढली. आपल्याकडेही संस्थानात दिवाण होते, कोर्टात दिवाणी दावे आहेत आणि हॉलमध्ये दिवाण आहे. दिवाणी दाव्यात माणूस एकदा शिरला की त्याला आयुष्यभर दिवाणावर पडून राहावं लागतं, हा या तिघांतला धागा शब्दकोशात दिलेला नाही, पण वकिलांना ठाऊक आहे.

आणि आता आपली खाट! संस्कृत 'खट्वा', तिची खाट झाली. सतराव्या शतकात सुरतेच्या आसपास वावरणाऱ्या इंग्रज व्यापाऱ्यांनी ती पाहिली, तिच्यावर पडून पाहिली, आणि शब्द उचलला, 'कॉट'. तो शब्द जहाजावर चढला, तिथे अधिकाऱ्यांच्या आणि आजाऱ्यांच्या टांगत्या बिछान्याला लागला. इंग्लंडात जाऊन तो तान्ह्या बाळाचा पलंग झाला, अमेरिकेत घडीचा छावणीतला बिछाना झाला. आणि मग, परदेशात शिकून आलेल्या मुलासारखा, तो सूटबूट घालून परत आला. आम्ही ओळखलंच नाही त्याला. घरातली सुंभाची खाट मागच्या पडवीत टाकली आणि पैसे मोजून लोखंडी कॉट आणली. इस्पितळात 'एक कॉट रिकामी आहे' म्हणतात, खाट म्हणत नाहीत. खाट टाकली म्हटलं तर रोग्याचे नातेवाईक घाबरतील. पलंगाचंही असंच. 'पर्यंक' या एकाच संस्कृत शब्दातून आपला पलंगही निघाला आणि पालखीही. ती पालखी पोर्तुगीजांच्या तोंडी 'पालांकिम' झाली आणि इंग्रजांच्या तोंडी 'पॅलँक्विन'. एक पलंग घरात राहिला, दुसरा चौघांच्या खांद्यावरून फिरू लागला.

राहता राहिला पायजमा. आपण दिवसा घालून बाजारात जातो ते वस्त्र साहेबानं रात्री झोपायला नेलं. हेन्री यूल आणि बर्नेल या दोघांनी १८८६ मध्ये 'हॉब्सन-जॉब्सन' नावाचा अँग्लो-इंडियन शब्दांचा कोश काढला. (मोहरममधला 'या हसन, या हुसेन'चा पुकारा गोऱ्या सोजिरांच्या कानाला असा ऐकू आला, त्यावरून हे नाव.) त्यात पायजम्याची एक गंमत आहे. लंडनचे शिंपी कधीकधी पायजम्याला खाली पाऊलसुद्धा शिवून देत. असं का, म्हणून एका शिंप्याला विचारलं, तर तो गंभीरपणे म्हणाला की हिंदुस्थानात वाळवी फार, त्यासाठी असावं. वाळवी टेबलाच्या पायांना लागते एवढं त्यानं ऐकलं असणार, साहेबाच्या पायांचीही त्याला काळजी वाटली.

याच कोशात मला एक छोटी नोंद सापडली आणि मी चक्क उठून बसलो. 'युरोप मॉर्निंग'. अर्थ, सकाळी उशिरापर्यंत अंथरुणात लोळणे. हिंदुस्थानातला साहेब उन्हाच्या भीतीनं पहाटे उठून रपेट करी. ज्या दिवशी तो लोळत पडे त्या दिवशी तो म्हणे, आज आमची विलायती सकाळ आहे! आळशी नेटिव, कष्टाळू साहेब हे आपल्याला पढवलेलं चित्र. पण साहेबाच्या स्वतःच्या बोलीत लोळण्याला विलायतेचं नाव होतं. हे चित्र काढणाऱ्यांनी आपलाच कोश उघडला नसावा.

साहेब दुपारी आडवा होई तेव्हा वर छताला पंखा हलत असे. तो दोरीनं ओढायला बाहेर व्हरांड्यात एक माणूस बसलेला असे. बराच वेळ ओढून हात भरून आले की तो दोरी पायाला बांधी आणि उताणा पडून पाय हलवीत राही. एकाच भिंतीच्या अलीकडे-पलीकडे दोन माणसं आडवी. आतला आराम करतोय, बाहेरचा त्याचा आराम ओढतोय. आडवं पडणं आणि विश्रांती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला त्या दोरीनं शिकवलं.

विलायतेतही सगळ्यांनाच आडवं होता येत नव्हतं. तिथल्या कारागिरांनी, त्यात चांभार मंडळी आघाडीवर, 'सेंट मंडे' म्हणून एक संतच निर्माण केला होता. शनिवारी पगार, रविवारी दारू आणि सोमवारी या संत सोमवाराचा उत्सव, म्हणजे कामाला दांडी. कारखाने वाढले, भोंगे आले, तसा हा संत मागे पडला. १८५० च्या कायद्यानं कापडगिरण्यांना शनिवारी दुपारी दोनला कामगार सोडणं भाग पडलं. पण बाकी दिवस पहाटे उठायचं कसं? घड्याळ परवडत नसे. मग 'नॉकर-अप' नावाचा धंदा निघाला. हातात लांब काठी घेऊन, नाहीतर नळीतून वाटाणे फुंकून, खिडकीवर टकटक करायची आणि माणसं उठवायची. पैसे देऊन झोपमोड करून घेणारा समाज जगात दुसरा नसेल, असं मला आधी वाटलं. मग गजराच्या घड्याळाकडे लक्ष गेलं आणि मी ते वाक्य मागे घेतलं.

१८७१ मध्ये सर जॉन लबक यांनी पार्लमेंटात बँक हॉलिडेचा कायदा करून घेतला. लोक इतके खूश झाले की त्या सुट्टीला 'सेंट लबक्स डे' म्हणू लागले. हे लबकसाहेब उरलेल्या वेळात मुंग्यांचा अभ्यास करीत, त्यावर त्यांचं नावाजलेलं पुस्तक आहे. आयुष्यभर मुंग्यांकडे पाहिल्यावरच त्यांना माणसांना सुट्टी द्यावीशी वाटली असेल.

मुंबईच्या गिरण्यांत तेव्हा काय चाललं होतं? सूर्य उगवला की काम सुरू, मावळला की बंद. उन्हाळ्याचे दिवस मोठे, म्हणजे काम मोठं. आठवड्याची ठरलेली सुट्टी नव्हती. १८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे या जोतीराव फुल्यांच्या सहकाऱ्यानं, 'दीनबंधु'च्या संपादकानं, गिरणी कामगारांची सभा भरवली. मागण्या पाहा किती साध्या. रविवारी पूर्ण सुट्टी, दुपारी अर्धा तास विसावा, काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला संपावं, पगार महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत मिळावा. पाच हजारांहून अधिक कामगारांनी त्या अर्जावर सह्या-आंगठे केले. पुढे सहा वर्षं गेली. २४ एप्रिल १८९० ला महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर दहा हजार कामगारांची सभा झाली, दोन कामगार बायका तिथे उभ्या राहून बोलल्या. आणि १० जून १८९० ला गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली.

इंग्रजीत एक वाक्प्रचार आहे, 'टेक इट लाइंग डाउन'. आडवं पडून सोसणे, म्हणजे अन्याय मुकाट्यानं गिळणे. मला यातला विरोधाभास फार आवडतो. आठवड्यातून एक दिवस आडवं होता यावं म्हणून या माणसांना सहा वर्षं उभं राहावं लागलं. लबकला इंग्रजांनी संत केलं. आपण रविवारी दुपारी श्रीखंड खाऊन ताणून देतो, तेव्हा लोखंड्यांचं नाव किती जणांना आठवतं? टपाल खात्याला २००५ मध्ये आठवलं, त्यांनी तिकीट काढलं.

विश्रांती न मिळणं ही जशी शिक्षा, तशी जबरदस्तीची विश्रांतीही शिक्षाच. फिलाडेल्फियाचे डॉक्टर वेअर मिचेल यांनी १८७० नंतरच्या दशकात 'रेस्ट क्युअर' काढला. थकलेल्या, खिन्न बायकांना आठवडेच्या आठवडे अंथरुणात ठेवायचं, दूध पाजायचं आणि वाचन-लेखन बंद. तेच डॉक्टर थकलेल्या पुरुषांना मात्र पश्चिमेकडे मोकळ्या हवेत घोड्यावर बसायला पाठवीत. शार्लट पर्किन्स गिलमन यांनी हा उपचार सोसला आणि १८९२ मध्ये त्यावर एक अंगावर काटा आणणारी कथा लिहिली. उलट फ्लॉरेन्स नाइटिंगेल पाहा. १८५७ पासून प्रकृती ढासळलेली, पुढची कित्येक वर्षं बव्हंशी अंथरुणात. पण तिथूनच त्यांनी हिंदुस्थानातल्या फौजेच्या आरोग्याचा असा पाठपुरावा केला की १८६३ च्या त्या सरकारी अहवालामागे त्यांचाच हात होता. हिंदुस्थानात त्यांनी पाऊलही ठेवलं नव्हतं. आडवं पडून कोणी किती काम करावं याला मर्यादा नाही.

हे वाचताना मला आमच्या मराठीची एक गोष्ट खटकली. वामकुक्षी, पहुडणं, ताणून देणं, हा सगळा थाटमाट पुरुषांचा. घरातली बाई म्हणते, "जरा पाठ टेकते." तेही सगळी भांडी पालथी झाल्यावर. आणि ती भर दुपारी खरोखर आडवी दिसली, तर येणारा-जाणारा पहिला प्रश्न विचारतो, "काय, बरं नाही का?" पुरुषाला आडवं व्हायला जेवण पुरतं, बाईला ताप यावा लागतो.

आराम करणाऱ्यांचा अपमान करण्याची जगाला फार खाज. १९७६ च्या सुमारास अमेरिकेत 'काउच पोटॅटो' हा शब्द निघाला, टी.व्ही.समोर कोचावर पसरलेला बटाटा. माणसांनी तो निमूट ऐकून घेतला. चिडले ते बटाटेवाले. इंग्लंडात २००५ मध्ये बटाटा उत्पादकांनी चक्क निदर्शनं केली, हा शब्द ऑक्सफर्डच्या कोशातून काढा, आमच्या मालाची बदनामी होते म्हणून. कोशकारांनी काही तो काढला नाही. पण बटाट्यांनी तो अपमान आडवं पडून सोसला नाही, याची नोंद घ्यायला हवी.

शेवटी एक शब्द राहिला, 'रेस्ट'. त्याचेही इंग्रजीत दोन अर्थ आहेत, आणि दोघांची मुळं वेगळी. एक रेस्ट म्हणजे विश्रांती, तो इंग्रजांचा जुना घरचा शब्द. दुसरा रेस्ट म्हणजे उरलेलं, तो फ्रेंचांकडून आलेला. कोशात दोघे शेजारी बसतात आणि जगात बहुतेकांच्या वाट्याला दोन्ही मिळून एकच येतात. सगळ्यांची कामं झाली, सगळ्यांची जेवणं झाली, की जे काही उरेल ती विश्रांती. रेसकोर्सवर उभ्या राहून बोललेल्या त्या दोन बायकांचं म्हणणं एवढंच असणार, की आमची विश्रांती उरलेल्यातली नको, ताटात वाढलेली हवी. त्यांची नावं आपल्याला पाठ नाहीत. निदान येत्या रविवारी दुपारी आडवं होण्यापूर्वी, स्वयंपाकघरात अजून कोण उभं आहे, एवढं जरा डोकावून पाहावं. मग खुशाल चाळीस वेळा डोळे मिटावेत. मोजायची गरज नाही.